जिनिव्हाला येऊ का, असं विचारलंस म्हणून

बाय, जिनिव्हातल्या एका मानवाधिकार संस्थेत दोन वर्षांचं काम मिळतंय, वडिलांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन यावं का, असं तू विचारलंस. परमिट, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी पानांवर मिळेल. तिथे नसलेलं तेवढं सांगते.

कागदांपासून सुरू करते, कारण तो राग अजून गेलेला नाही. माझ्या बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हाचा. जन्मनोंदीत आडनाव ‘पोरोबो’, शाळेच्या दाखल्यावर ‘प्रभू’, लग्नाच्या नोंदीत आजोबांचं नावच वेगळं. हे सगळे एकच, एवढं पटवण्यात चौदा महिने गेले. सत्तरी उलटलेले बाबा फोंड्याला नोटरीपुढे दर वेळी उभे राहायचे आणि म्हणायचे, “हांवूच तो.” तुझ्या बाबांच्या नोंदींतली स्पेलिंगं आजच ताडून बघ.

कामाबद्दल एकच गोष्ट आधी विचारून घे: संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा आहे का? नसेल तर मानवाधिकार परिषदेत बोलण्यासाठी दर वेळी दुसऱ्या संस्थेच्या दारात उभं राहावं लागतं. दलितांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला हा दर्जा मिळायला १५ वर्षं लागली. तो मिळाला २०२२ च्या डिसेंबरात. आणि दर्जा असला तरी ४७ सदस्य देशांच्या त्या मानवाधिकार परिषदेत संस्थांची पाळी देशांनंतर येते, दीड मिनिटाची. तुरुंगातल्या माणसाच्या बायकोने चार तास सांगितलेलं मी दीड मिनिटात बसवलंय. वेळ संपली की माइक बंद होतो. खरं काम त्याआधी होतं: देशोदेशींच्या वकिलातींत जाऊन, आपली दोन ओळींची शिफारस कुणीतरी उचलावी म्हणून.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐक. इथे बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची तीन गटांत वाटणी होते. माझा मुलगा फोंड्याला गणितात वर्गात पहिला यायचा. फ्रेंच कच्चं म्हणून इथे खालच्या गटात टाकला. शिक्षिकेने भेटायला बोलावलं त्या आठवड्यात मी कुणा दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणहक्काचं निवेदन लिहीत होते. भेट पुढे ढकलली. मग गट ठरून गेला. तो आता मोठा झालाय, त्याबद्दल काही बोलत नाही. मी मात्र विसरलेली नाही. मुलीला आत्तापासून पणजीला फ्रेंच शिकायला घाल, इथे येऊन शिकेल म्हणून थांबू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला काही मिळत नाही. निभतं.

निभत नाही ते वेगळंच. मी या कामात आले ती मोहन रानड्यांमुळे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेला माणूस, पोर्तुगीजांविरुद्ध लढताना १९५५ मध्ये पकडला गेला. गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटायला १९६९ चा जानेवारी उजाडला. आजोबा ही गोष्ट सांगताना मध्येच गप्प व्हायचे. परक्या देशात विसरल्या गेलेल्या कैद्यासाठी कुणीतरी भांडायला हवं, हे माझ्या मनात तेव्हा रुजलं. आणि ते काम करायला मी पासपोर्ट घेतला तो पोर्तुगालचा.

२०२२ च्या नोव्हेंबरात मानवाधिकार परिषदेत भारतातल्या मानवाधिकारांचा आढावा झाला. त्या बैठकीत संस्थांना बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. मी मागच्या बाकावर होते. समोर ‘भारत’ लिहिलेली पाटी होती आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मी पोर्तुगीज पासपोर्ट दाखवून घेतलेलं होतं. आजोबा असते तर त्यांना काय सांगितलं असतं, हे त्या दिवशी सुचलं नाही. आजही सुचत नाही. तू ये किंवा येऊ नकोस, पण सही करण्याआधी एकदा घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून हे बोलून घे. मी बोलले नव्हते.