अतिवाहकता: आधी ते एक वाक्य खोड

अतिवाहकतेवरचं, म्हणजे खूप थंड केल्यावर काही पदार्थांचा विद्युतरोध शून्य होतो त्यावरचं, तुझं टिपण वाचलं. ‘थंडीत इलेक्ट्रॉनची ऊर्जा संपते म्हणून रोध जातो’ हे खोड. तसं असतं तर तांबंही अतिवाहक झालं असतं. खरी गोम जोड्यांत आहे. धातूतल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे दोन इलेक्ट्रॉन बांधले जातात आणि जोडी फोडायला किमान ऊर्जा लागते. शिशात ती सुमारे २.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, ४.२ केल्विनला उष्णतेचा धक्का साधारण ०.३६. मग जोडी फुटणार कशी, आणि रोध येणार कुठून? हा हिशेब आधी मांड, साताऱ्यात राजवाड्यावर हात धरून चाललेल्या जोडप्यांची उपमा नंतर (मीही देत असे, पोरं फक्त हसायची). आणि १९३३चा माइस्नर परिणाम (अतिवाहक आपल्या आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो तो) विसरू नकोस, नुसत्या शून्य रोधातून तो निघत नाही. रविवारी अजिंक्यताऱ्यावर येताना वही आण.