रोज सकाळी मोज्यांवरून रडारड

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. रोज मोजे घालताना भोकाड पसरते, खाली रिक्षावाले काका हॉर्न मारत असतात, मी आधी गोडीत सांगते मग चॉकलेटचं आमिष मग आवाज चढतोच. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलीय, नवरा म्हणतो दोन धपाटे दे. काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर: अहो ताई, धपाट्याने आज मोजे पायात जातील, उद्या परत तेच. मुळात हे भांडण सकाळी सुटणारच नाही, त्या हॉर्नमध्ये तुमचंही डोकं ठिकाणावर नसतं आणि तिचंही, म्हणून संध्याकाळी तिचं खाणंबिणं झालं की निवांत बसा आणि विचारा, "मोजे घालताना काय होतं गं?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच जाम अवघड, आपण लगेच "टोचतात का? आवडत नाहीत का?" सुरू करतो आणि पोर नुसती मान हलवत बसते. "काही नाही" म्हणाली तर मोजा तिच्या हातात द्या, कुठे ते दाखव म्हणा. काही मुलांना बोटांवरची आतली शिवण खरंच टोचते, आपल्याला नखरे वाटतात.

मग तुमची अडचण एका वाक्यात, "काका थांबले की बाकीच्या मुलांना उशीर होतो." आणि विचारा, "मग काय करूया?" ती म्हणेल चपला घालते, नाहीतर काकांनाच वर बोलवू. हसू नका, सगळं कागदावर चित्र काढून घ्या, तुमचंही टाका, मोजे उलटे घालून शिवण बाहेर, किंवा दूध प्यायच्या आधीच मोजे. शाळेत चपला चालत नसतील तर ते खोडताना कारण सांगा. दोघींना पटेल ते एक रविवारपर्यंत करून बघायचं, फसलं तर परत बसायचं, आणि पहिलं ठरलेलं बरेचदा फसतंच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी 1962 पासून पालकांचे वर्ग घेतले, कोणीच हरत नाही अशी जी पद्धत ते शिकवायचे ती साधारण हीच.

रस्ता, गॅस, औषध यात मात्र मीटिंग नाही, तिथे आईचंच चालणार. आणि दोन वर्षांच्या पोराला एवढं झेपत नाही, त्याला "निळे की पिवळे?" एवढंच पुरे.

सासूबाईंना ठरलेलं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही दोघी शिवण बाहेर काढणार आणि आजी मागून येऊन मोजे सरळ करून घालणार.