निम्म्या किमतीत शर्यतीचा घोडा: भागीदारी घ्यावी का?

नमस्कार,

तुमच्या पत्राचा सारांश असा: शर्यतीच्या एका चार वर्षांच्या घोड्यात तुम्हाला पाव हिस्सा देऊ केला आहे. त्याने गेल्या हंगामात दोन शर्यती जिंकल्या, पण त्यानंतर पाच महिने तो धावलेला नाही. मालक म्हणतात, विश्रांती दिली होती, आता ठणठणीत आहे. भाव आधीच्या निम्मा आहे. तुमच्या हिश्श्याला एकूण बचतीचा सातवा भाग लागेल आणि निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत.

आज हातात असलेल्या माहितीवर माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तपासणी नीट झाली तर ते बदलू शकेल, पण एवढी रक्कम घालायला मी तेव्हाही हो म्हणणार नाही.

भाव निम्म्यावर का आला, हे विकणाऱ्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. जिंकत्या घोड्याला कोणी पाच महिने उगाच उभा ठेवत नाही. त्याच्या सगळ्या शर्यतींची नोंद मागवा. मोठे खंड कुठे पडले, तो खालच्या वर्गात, म्हणजे कमी दर्जाच्या शर्यतींत, कधी उतरला, शेवटच्या टप्प्यात एकाच बाजूला ओढत होता का, हे बघा. दुखरा पाय वाचवणारा घोडा बरेचदा असा तिरका धावतो.

तुम्ही फक्त खरेदीची रक्कम धरली आहे. खरा धोका उभ्या घोड्याच्या खर्चाचा आहे. पागा, चारा, मोतद्दार, नालबंद, ट्रेनर, डॉक्टर, यातलं जवळपास काहीच घोडा धावत नाही म्हणून थांबत नाही, आणि बक्षिसाचा एक पैसाही येत नाही. पुढच्या पायाच्या नळीमागची (गुडघ्याखालच्या लांब हाडामागची) कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटली तर बरी व्हायला ९ ते १२ महिने सहज जातात. भरून आलेल्या जागी व्रणाची ऊती तयार होते, तिला मूळची लवचीकता नसते. म्हणून तीच जागा पुन्हा दुखावण्याची भीती राहते. तुमच्या हिशोबात वर्षभराचा खर्च आणि शून्य उत्पन्न धरा, मग ‘निम्मा भाव’ किती स्वस्त आहे ते दिसेल.

पत्रात तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत घोडा छान पळतो. चौखूर धावताना लंगडणं ओळखणं फार कठीण असतं. त्याला कडक जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडकी चालवून बघावं लागतं. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वरखाली होते. फसगत होते ती दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असताना. तेव्हा मान हलतच नाही. पावलं फक्त आखूड पडतात, आणि नवख्याला ती चाल डौलदार वाटते. अशा घोड्याला छोट्या वर्तुळात, दोन्ही दिशांनी फिरवलं की दोष बाहेर येतो.

पायांना पट्ट्या असतील तर सोडायला सांगा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग दोन्ही पायांवरून हात फिरवून तुलना करा. एका नळीमागे ऊब किंवा किंचित फुगवटा लागला तरी तिथेच थांबा. एक खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद आणि उभट असेल, तर त्या पायावर तो बराच काळ कमी भार देत असण्याची शक्यता असते.

बाकी काम पशुवैद्याचं, आणि तो तुम्ही निवडलेला हवा, या घोड्यावर कधीच उपचार न केलेला. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक दिलं की लंगडणं झाकलं जातं, म्हणून तपासणीच्याच वेळी रक्ताचा नमुना घेऊन जपून ठेवायला सांगा. एक्स-रे हाडं दाखवतो, कंडरेसाठी सोनोग्राफी लागते. ताणामुळे हाडात पडलेली सुरुवातीची बारीक चीर तर एक्स-रेतही निसटू शकते. शंका आली तर हाडांचा स्कॅन करून घ्या. इथे पैसे वाचवू नका. अशीच चीर भर वेगात मोडते तेव्हा घोडा जातो आणि जॉकीच्याही जिवावर बेततं. श्वासाचा आवाज येत असेल तर व्यायामानंतर एंडोस्कोपी करून स्वरयंत्र बघावं लागतं. बहुतेक वेळा डावी बाजू लुळी पडलेली असते.

विम्यावर भिस्त ठेवू नका. मृत्यूचा विमा लंगड्या घोड्याचे पैसे देत नाही आणि आधीपासूनची दुखणी बहुधा वगळलेली असतात. करारात उपचाराचा निर्णय कोण घेणार, तुमच्यावर जास्तीत जास्त किती खर्च येणार, बाहेर कसं पडायचं आणि धावणं संपल्यावर घोड्याला कोण सांभाळणार, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा मी सौजन्य म्हणून घालत नाही. मालकी घेतली की तो जीव तुमचा.

तुम्हाला घोड्यांचं वेड लहानपणापासून आहे आणि ते मला मोडायचं नाही. खरेदी आणि वर्षभराचा खर्च मिळून बचतीच्या २-३ टक्क्यांत बसेल एवढाच हिस्सा घ्या. ही रक्कम पूर्ण बुडाली तरी निवृत्तीचं गणित बिघडत नाही. सातवा भाग बुडाला, तर तो सहा वर्षांत भरून काढणं अवघड आहे.

आधी मालकांकडून दोन गोष्टी लेखी मागा: त्या पाच महिन्यांतल्या उपचारांच्या नोंदी, सांध्यांत दिलेल्या इंजेक्शनांसकट, आणि तुमच्या पशुवैद्याला तपासणीची परवानगी. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. दोन्ही मिळाल्या, तर तपासणीचा अहवाल मला पाठवा, मग हिस्सा किती ते आकडे मांडून ठरवू.