कोडवरचे शेरे की स्वतःवरचा निवाडा?

‘इतकी वर्षे काम करूनही माझा कोड कोणी तपासायला घेतला की पोटात गोळा येतो, मी या क्षेत्राच्या लायकीची नाही का?’ हा प्रश्न सॉफ्टवेअर क्षेत्रातील अनेकजण माझ्याकडे घेऊन येतात. त्यांपैकी एका अनुभवी डेव्हलपरची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि त्यांच्या संमतीने, येथे मांडते.

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याने केलेल्या कोडच्या तपासणीत, ‘हे असे का केले?’ एवढा प्रश्न आला तरी त्या तो रात्री पुन्हापुन्हा वाचत आणि त्यात नापसंतीचा सूर शोधत. झोप उडाली होतीच. पण मला अधिक महत्त्वाचा वाटला तो त्यांनी शोधलेला उपाय. काम पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय कोणाला दाखवायचेच नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. परिणामी आठवडाभराचे बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) साचत, तपासणाऱ्याला शेकडो ओळी एकदम वाचाव्या लागत, साहजिकच शेरे वाढत, आणि ती लांबलचक यादी पाहून ‘मला जमत नाही’ हा समज आणखी पक्का होई. भीतीपासून वाचण्यासाठी केलेली धडपडच भीतीला पुरावा पुरवत होती. अशा वेळी ‘आत्मविश्वास बाळगा’ हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे.

आम्ही आधीच्या काही रिव्ह्यूंमधील शेरे वेगवेगळे केले: नावे व मांडणी, निव्वळ शंका, व्यक्तिगत आवडनिवड आणि खरीखुरी चूक. (मला कोड कळत नाही हे येथे पथ्यावरच पडले, कारण प्रत्येक शेरा त्यांना साध्या भाषेत समजावून सांगावा लागे.) चुका मोजक्याच निघाल्या. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी 1976 मध्ये कोड तपासणीची औपचारिक पद्धत मांडली, तेव्हाच तिचे निष्कर्ष प्रोग्रामरच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नयेत असे बजावले होते, हेही मी त्यांना सांगितले. अर्थात काही ठिकाणी शेरे मोजले जातात आणि तेथे भीती काल्पनिक नसते. म्हणून त्यांनी आपल्या मॅनेजरला थेट विचारावे, असे ठरले. तेथे अशी मोजणी होत नव्हती.

त्यानंतर त्यांनी अर्धवट बदलच मसुदा म्हणून पाठवायला सुरुवात केली, सोबत ‘या भागाची मला खात्री नाही’ अशी टीप जोडून. पाठवण्यापूर्वी कोणते शेरे येतील याचा अंदाज त्या लिहून ठेवत आणि नंतर प्रत्यक्ष शेऱ्यांशी ताडून पाहत. अंदाज बहुतेक वेळा वास्तवापेक्षा कठोर निघे. एकदा मात्र गंभीर चूक सापडली. ती प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जाण्यापूर्वीच सापडली, हे त्यांनीच मला दोनदा सांगितले.

शेरे आजही येतात, पण झोप बरीच सुधारली आहे. एका सहकाऱ्याची भाषा खरोखरच खोचक आहे. तो प्रश्न त्यांच्या मनाचा नसून टीमच्या शिस्तीचा असल्याने त्यांनी तो मॅनेजरपुढे मांडला आहे.