थार, सोलांग आणि वाळूची गोणी

प्रश्न : काका, माझी थार फोर बाय फोर आहे. जानेवारीत मित्रांसोबत मनाली, सोलांग आणि जमलं तर अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जायचं ठरतंय. पावसाळ्यात मळ्यातल्या चिखलातून गाडी आरामात निघते. बर्फावर पकड यावी म्हणून टायरची हवा १८ पीएसआयवर आणू का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : नका आणू. वाळूत हवा उतरवली की टायर पसरतो, रुतत नाही. घट्ट, गुळगुळीत बर्फावर रुतायचा प्रश्नच नाही. शिवाय थंडीत हवा आपणच उतरते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. नाशकात भरलेल्या हवेवर विसंबू नका. मनालीत सकाळी गाडी हलवायच्या आधी गेज लावा आणि दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी ठेवा.

दुसरं, मळ्यातला चिखल विसरा. फोर बाय फोर गाडी उचलतं, थांबवत नाही. ब्रेक काय, साध्या छोट्या गाडीलाही चारही चाकांना असतात. बोगद्यापलीकडे सावलीतल्या एका वळणावर मीच फसलोय. निफाडला पहाटे पानावर दंव गोठतं ना, तसाच थर डांबरावर होता. मला वाटलं, रस्ता नुसता ओला आहे. फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावलेलं, वेग जेमतेम पंचवीस. ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी मोरीतल्या साबणासारखी सरळ बर्फाच्या ढिगात. बंपर गेला. बायको केलाँगपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पकड असते ती टायरची. साधं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले टायर उत्तम. नुसत्या ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) या खुणेवर भुलू नका. दोन दिवसांसाठी तो खर्च नको असेल तर स्नो चेन, म्हणजे टायरवर चढवायची साखळी, घ्या, तुमच्या टायरच्या मापाची, चारही चाकांना. आणि अंगणात एकदा चढवून बघाच. तिथं बोटं बधिर झाली की हूक सापडत नाही. चेन लावून तीसच्या पुढे जाऊ नका, कोरडं डांबर लागलं की काढा आणि टू-एचवर, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर, या.

उतारावर फोर-एल (चारही चाकं, पण हळू चालीचं), खालचा गिअर, पाय हलका. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर निघण्याआधी कूलंट भरून घ्या.

आणि मागे वाळूची एक गोणी टाका. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की तीच खाली पसरायची.