पान, बाण की मान?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. पट 31. चौथीत दोन्ही कानांना मशीन लावणारी एक मुलगी आहे. तिला पहिल्या बाकावर बसवलंय, मोठ्याने बोलते, तरी ती शेजारणीच्या वहीत बघूनच लिहिते. श्रुतलेखनात ‘पान’ सांगितलं की ‘मान’ लिहिते. सहकारी म्हणतात, कर्णबधिरांच्या शाळेत घालायला सांगा. काय करू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, आधी आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. तुमची विद्यार्थिनी थोडं कानाने घेते, थोडं ओठांवरून. तेव्हा ‘मान’ला लाल रेघ मारू नका. सुटा शब्द न सांगता ‘झाडाचं पान गळलं’ असं सांगा. झाडाला मान नसते, एवढं तिला कळतं.

मोठ्याने बोलणं थांबवा. आवाज वाढवण्याचं काम मशीन करतंच आहे. वरून आपण ओरडलो की आवाज फाटतो आणि तोंडही वेडंवाकडं होतं. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय मोडायला मला वर्ष लागलं होतं. लिहा, वळा, मग बोला. खिडकी पाठीशी घेऊन उभ्या राहू नका, चेहरा अंधारात जातो.

पहिल्या बाकावरून तिला तुम्ही दिसता, पण मागून उत्तर कोण देतंय ते दिसत नाही. दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला, थोडं तिरकं बसवा. पंख्याखाली नको, दाराशी नको. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की सरळ चित्रं काढायला द्या. त्या वेळी बाकीच्या तिसांनाही काही ऐकू येत नसतं, ती फक्त माना डोलावतात.

शेजारणीच्या वहीत बघू दे. कितवं उदाहरण चाललंय, ते ती तिथून घेते. चाचणीपुरतं वेगळं बसवा.

आता मशीन. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून मी आठवडाभर रागावत होते. त्याच्या मशीनचा सेल संपला होता. सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाला, ‘बाई रागावल्या होत्या ना.’ तेव्हापासून प्रार्थना झाली की पहिलं काम एकच. मुलापासून दोन-तीन हातांवर उभं राहायचं, आपलं तोंड दिसणार नाही असा कागद धरायचा (ओठांना चिकटवून नाही, आवाज अडतो) आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज रोज क्रम बदलून म्हणायचे. ऐकू आलं ते मुलाने परत म्हणायचं. मिनिटभर लागतो. काल येत होता तो ‘स’ आज आला नाही तर सेल बघा, नळीत घाम-पाणी साचलंय का बघा. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुतेक कानातला साचा सैल झालाय. पोरांचा कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. आणि तिच्या आईला सांगा, सेलवरचे स्टिकर आधीच काढून ठेवू नका. स्टिकर निघाला की हवा लागून सेल उतरायला लागतो, वापरा नाहीतर डबीत ठेवा.

राहिली शाळा बदलायची गोष्ट. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. म्हणजे हे स्टाफरूममध्ये ठरवायचं नाही. मी स्वतः 11 वर्षं कर्णबधिरांच्या शाळेत होते. खुणांच्या भाषेत मधल्या सुट्टीभर भांडणारी तिथली पोरं मला अजून आठवतात, त्या शाळेला मी कमी लेखणार नाही. काही मुलं तिथेच फुलतात. पण ‘पान’चं ‘मान’ झालं म्हणून कुणाला तिकडे धाडत नाहीत. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना एकदा वर्गात बोलवा आणि मुलीची श्रवणचाचणी शेवटची कधी झाली ते घरी विचारा.

तोवर त्या सहा आवाजांपैकी रोज कुठले आले, कुठले नाही, ते वहीत टिपा. पुढच्या तपासणीला ती वही तिच्या आईबरोबर द्या. मशीन जुळवताना ऑडिओलॉजिस्टला ती लागेल.