शेअर आमचे, खाण त्यांची

प्रश्न : नमस्कार. मी वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) 31 वर्षं काढून वणी भागातूनच रिटायर झालो. मिळालेल्या पैशातले काही एका खाजगी कोळसा कंपनीत टाकले (नाव छापू नका). 118 च्या भावाने 2,000 शेअर, आज भाव 23 च्या आसपास आहे. कोळसा मला कळतो म्हणून घेतले हो, कोणाच्या टिपवर नाही. चार वर्षं डिव्हिडंड नाही, ओबीचं काम पार मागे पडलंय, खाणीच्या रस्त्याला डंपर टायर काढून लाकडी ठोकळ्यांवर उभे केलेले मी स्वतः बघितलेत, आणि एमडी साहेबांचा पगार यंदाही वाढवायचा ठराव आहे. मागच्या व्हिडिओवरच्या एजीएमला (वार्षिक सभेला) बोलायला नाव दिलं होतं, माझा नंबर चौदावा, नवव्या माणसानंतर ‘वेळेअभावी’ म्हणून आवरतं घेतलं. प्रमोटरकडे, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मालकांकडे, 58 टक्के शेअर आहेत. आमच्यासारख्यांनी करायचं तरी काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : काका, तुमचा राग अगदी बरोबर आहे, आणि तुम्ही डंपर बघून जे ओळखलंत ते मुंबईतल्या एसीत बसलेल्या भल्या भल्या ॲनालिस्टला रिपोर्ट येईपर्यंत कळत नाही. बाकी वाचकांसाठी सांगतो, ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरची माती-दगड. ती आधी काढावी लागते, मग खालचा कोळसा उघडा पडतो. पैशाची तंगी आली की मॅनेजमेंट पहिली काटछाट तिथेच करतं, कारण उघडा पडलेला कोळसा उचलून वर्ष दोन वर्षं आकडे बरे दाखवता येतात आणि नंतर खाण एकदम अडते. त्यामुळे अशा कंपनीत नफ्याच्या आधी मी ओबी किती घनमीटर काढली ते बघतो, आणि तो आकडा रिपोर्टमधून गायबच झाला असेल तर ते आणखी वाईट.

आता तुमच्या मुद्द्यावर. 58 टक्केवाल्यासमोर तुमचं भाषण झालं असतं तरी फरक पडला नसता, हे कडू आहे पण खरंय. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी पास होतो, म्हणजे बहुतेक डायरेक्टर नेमणं-काढणं त्यांच्याच खिशात. पण सगळे ठराव साधे नसतात ना! कंपनी तोट्यात असेल किंवा नफा पुरेसा नसेल आणि एमडीला कंपनी कायद्याच्या शेड्यूल पाचमधल्या मर्यादेच्या वर पगार द्यायचा असेल तर विशेष ठराव लागतो. त्याला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने हवीत. गणित करून बघा, प्रमोटरची 58 टक्के सगळी बाजूने पडली तरी विरोधात साधारण साडेएकोणीस टक्के पडली की ठराव आपटतो. बाहेर आहेत 42 टक्के. त्यातल्या निम्म्यांनी जरी मोबाईल उघडला असता तरी काम झालं असतं, पण आपले लोक एजीएमच्या नोटिशीचा मेल प्रमोशनच्या मेलसारखा पुसून टाकतात.

दुसरी जागा म्हणजे रिलेटेड पार्टी व्यवहार, म्हणजे कंपनीने मालकांच्याच नात्यातल्या लोकांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी केलेले व्यवहार. खाणीचं खोदकाम, वाहतूक, मशीन भाड्याने देणं, हे कंत्राट साहेबांच्या मेव्हण्याच्या कंपनीला आहे का ते बघा, कारण कोळशाच्या कंपनीतून पैसा बाहेर जातो तो बहुतेक वेळा टनामागच्या दरातून जातो, तिजोरी फोडायची गरजच नसते. असा मोठा व्यवहार शेअरहोल्डरांपुढे आला तर लिस्टेड कंपनीत संबंधित पार्टी असलेल्या प्रमोटरांना तो पास करायला मत देता येत नाही. तिथे राजा तुम्ही आहात, 2,000 शेअरवाले!

तर नोटीस येते सभेच्या किमान 21 दिवस आधी. ती उघडा, ‘विशेष ठराव’ आणि ‘रिलेटेड पार्टी’ हे दोनच शब्द शोधा. ई-व्होटिंग किमान तीन दिवस चालू असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं, एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या (आपले डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या) साइटवर दहा मिनिटांचं काम, बोलायला नंबर लागो न लागो मत तर पडतं. आणि ऑडिटरचा शेरा आणि प्रमोटरने किती शेअर तारण ठेवलेत हे जरूर बघा, तारणाचा आकडा दर तिमाहीला जाहीर होतो.

कोर्टाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. गैरकारभाराची तक्रार एनसीएलटीकडे (कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) करता येते (कलम 241), त्यासाठी 100 सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा यातलं जे कमी असेल ते लागतं, नाहीतर दहा टक्के भांडवल. 100 जण गोळा होतीलही, वकिलाची फी कोण भरणार हा खरा प्रश्न. तुमचे शेअर दहा रुपये दर्शनी किमतीचे असतील तर 2,000 शेअर म्हणजे बरोबर 20,000 रुपये, म्हणजे कायद्याने तुम्ही ‘लहान शेअरहोल्डर’च्या व्याख्येत अगदी काठावर बसता, आणि असे 1,000 जण किंवा दहावा हिस्सा, जे कमी ते, मिळून बोर्डावर आपला एक डायरेक्टर मागू शकतात. कागदावर छान आहे, प्रत्यक्षात असा डायरेक्टर मी फार कमी बघितलाय. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर डिव्हिडंड अडकला, शेअर नावावर होत नाही असल्या तक्रारी टाका, ‘मॅनेजमेंट नालायक आहे’ ही तिथली तक्रार नव्हे.

प्रश्न : मोठ्या फंडांचं तरी कोणी ऐकतं का? का तेही आपल्यासारखेच?
– ठाणे

उत्तर : कोळशातलेच दोन किस्से सांगतो. कोल इंडियाचा आयपीओ ऑक्टोबर 2010 मध्ये 245 रुपयांना आला, सरकारकडे 90 टक्के राहिले. लंडनच्या टीसीआय फंडाकडे सुमारे एक टक्का होता. जानेवारी 2012 मध्ये कंपनीने नवी दरपद्धत आणली, वीजवाल्यांनी ओरड केली आणि महिन्याभरात दर खाली आले. मग एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने सरकारचा निर्देश आला की वीज कंपन्यांशी 80 टक्के पुरवठ्याच्या हमीचे करार करा. फंडाचं म्हणणं, बाजारापेक्षा स्वस्तात कोळसा विकून तुम्ही बाकी मालकांचं नुकसान करताय. पत्रं लिहिली, कोर्टात गेले, पेपरात गाजलं आणि शेवटी शेअर विकून निघून गेले. सरकारची बाजूही समजते हो, वीज महागली की शिव्या मंत्र्याला पडतात. पण मग पब्लिककडून पैसे घेताना तेवढं ठळक अक्षरात सांगायला हवं होतं.

दुसरा बुमी पीएलसीचा, खाणी इंडोनेशियात आणि लिस्टिंग लंडनला. रॉथ्सचाइल्ड घराण्यातल्या नॅटने ती उभी केली, तिकडच्या बाक्री कुटुंबाशी हातमिळवणी केली आणि नंतर त्यांच्याशीच वाजलं. दहा पौंडाचा शेअर पार गाळात गेला. फेब्रुवारी 2013 मध्ये नॅटने सभा बोलावली, 14 पैकी 12 डायरेक्टर हटवा म्हणून, आणि बहुतेक ठराव पडले. ज्याने कंपनी आणली त्याची ही गत!

प्रश्न : माझी कंपनी (तीही कोळशाचीच) दिवाळखोरीत गेलीय, शेअर मात्र अजून ट्रेड होतोय, दोन रुपयांना. अजून घेऊन ॲव्हरेज करू का?
– नागपूर

उत्तर : नको. पैसे वाटताना बँका, कामगार, सरकार सगळे आधी आणि इक्विटीवाला सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तोपर्यंत भांडं रिकामं झालेलं असतं. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये 2021 मध्ये हेच झालं, शेअर शून्य करून डीलिस्ट, म्हणजे बाजारातून बाहेर. अमेरिकेतल्या पीबॉडी एनर्जीने 2016 मध्ये दिवाळखोरी मागितली, 2017 मध्ये कंपनी बाहेर आली, खाणी त्याच, नाव तेच, पण शेअर नवे आणि जुने रद्द. म्हणजे खाण वाचली म्हणजे तुम्ही वाचलात असं नाही.

उलट ट्रेडिंग चालू आहे तोवर विकून टाका, म्हणजे तोटा निदान इन्कम टॅक्समध्ये दाखवता येईल. तोटा लाँग टर्म (शेअर वर्षाहून जास्त ठेवलेला) असेल तर तो फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. ट्रेडिंग बंद झालं की गिऱ्हाईक शोधत बसाल.